अल्फा संगणकांतील दोन फर्मवेअर आणि युनिक्ससदृश मुक्त कार्यप्रणाली : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासलेखनात प्रोसेसर, संगणकीय भाषा आणि कार्यप्रणाली यांना जे स्थान मिळाले ते फर्मवेअरच्या वाट्याला आलेले नाही. यंत्रास वीज मिळताच जो प्रोग्रॅम सर्वप्रथम चालतो, स्मृती व उपकरणे यांची तपासणी करतो आणि नंतर डिस्कवरील कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवतो, त्यास फर्मवेअर असे म्हणतात. सामान्य वापरकर्त्यास त्याचे दर्शन क्षणभरच घडते. तथापि कोणती कार्यप्रणाली या यंत्रावर चालू शकेल आणि कोणती चालणार नाही, हा निर्णय पुष्कळदा त्या क्षणीच झालेला असतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या अल्फा संगणकांचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे एकाच प्रोसेसरसाठी दोन भिन्न फर्मवेअर निर्माण झाली आणि एका फर्मवेअरने नाकारलेल्या कार्यप्रणालीसाठी अभ्यासकांनी वेगवेगळे मार्ग शोधले.

एक प्रोसेसर, दोन फर्मवेअर :

मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेनार्ड येथे मुख्यालय असलेल्या डिजिटल कंपनीने 1992 मध्ये अल्फा 21064 हा 64-बिट प्रोसेसर जाहीर केला. कंपनीच्या स्वतःच्या दोन कार्यप्रणाली, म्हणजे व्हीएमएस आणि ओएसएफ/1 हे युनिक्स, यांच्यासाठी 'एसआरएम' हे फर्मवेअर होते. अल्फाच्या 'सिस्टिम रेफरन्स मॅन्युअल' या संदर्भग्रंथावरून त्यास हे नाव पडले. ते आज्ञा टंकून चालवावयाचे, काहीसे रुक्ष परंतु समर्थ फर्मवेअर होते. 1993 मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ही कार्यप्रणाली अवतरली आणि अल्फा हे तिचे एक व्यासपीठ ठरले. एनटीला मात्र 'एआरसी' या निराळ्या मानकाचे फर्मवेअर अपेक्षित होते. हे मानक 1991 मध्ये स्थापन झालेल्या एसीई या कंपन्यांच्या संघातून आले होते. पुढे त्याच वळणाचे 'अल्फाबायोस' आले. त्याच्या खिडक्या व मेनू पाहता वापरकर्त्यास आपण वैयक्तिक संगणकासमोरच बसलो आहोत असे वाटावे, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो.

हा भेद केवळ पडद्यावरचा नव्हता. अल्फा प्रोसेसरमध्ये 'पालकोड' नावाचा एक विशेष स्तर असतो. स्मृतीच्या पानांचे भाषांतर, व्यत्ययांची हाताळणी, विशेषाधिकाराच्या पातळ्या यांसारखी कामे इतर प्रोसेसरांत बव्हंशी सिलिकॉनमध्येच पक्की केलेली असतात. अल्फात त्यांचा मोठा भाग पालकोडकडे सोपवलेला होता. व्हीएमएससाठी एक पालकोड, ओएसएफ/1 साठी दुसरा आणि एनटीसाठी तिसरा अशी व्यवस्था होती. व्हीएमएसच्या पालकोडमध्ये चार विशेषाधिकार-पातळ्या, तर ओएसएफ/1 च्या पालकोडमध्ये दोनच. त्यामुळे एनटीसाठी सज्ज झालेल्या यंत्रावर युनिक्स चढवणे म्हणजे केवळ डिस्क बदलणे नव्हे. कार्यप्रणालीच्या पायाखालची जमीनच वेगळी असे.

येथे व्यापाराचा भागही ध्यानात घेतला पाहिजे. जवळपास तीच यंत्रसामग्री केवळ एनटीसाठी म्हणून कमी किमतीस विकली जाई. तिच्यावर युनिक्स वा व्हीएमएस चालवणे विक्रीच्या योजनेत बसत नसे. तांत्रिक आवश्यकतेतून जन्मलेला भेद अशा रीतीने किंमतभेदाचे साधन बनला, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

मायलोचा मार्ग :

मे 1994 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे डिजिटलच्या वापरकर्त्यांच्या परिषदेत कंपनीतील जॉन हॉल यांची लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी भेट झाली. हॉल यांच्या खटपटीतून टोरवाल्ड्स यांना अल्फा संगणक मिळाला आणि लिनक्स 64-बिट प्रोसेसरवर नेण्याच्या कामास चालना मिळाली. मार्च 1995 मधील लिनक्स 1.2 मध्ये अल्फाचा समावेश होता. परंतु ज्यांच्याजवळ एआरसी असलेले स्वस्त यंत्र होते त्यांनी काय करावे, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर डिजिटलमधीलच डेव्हिड रसलिंग यांनी 'मायलो', म्हणजे 'मिनी लोडर', या प्रोग्रॅमच्या रूपाने दिले.

मायलोची युक्ती मुळातून पाहण्यासारखी आहे. एआरसीला एनटीचा प्रोग्रॅम चालवता येतो. तेव्हा एका छोट्या प्रोग्रॅमला एनटीचा वेष देऊन त्याच्याकरवी मायलो स्मृतीत आणावयाचा. स्मृतीत आल्यावर मायलो स्वतःचा पालकोड बसवी. डिजिटलने मूल्यमापनासाठीच्या सर्किट-फलकांबरोबर दिलेल्या पालकोडचा त्यास आधार होता. डिस्क वाचण्यासाठी तो लिनक्स कर्नेलचेच ड्रायव्हर वापरी. आलेखी कार्डावरील प्रारंभिक प्रोग्रॅम इंटेल प्रोसेसरसाठी लिहिलेला असल्याने त्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरचे अनुकरण करणारा भागही मायलोमध्ये अंतर्भूत होता. थोडक्यात, फर्मवेअरची परवानगी मागण्याऐवजी मायलोने त्याच्यावर दुसरे फर्मवेअरच उभे केले.

या काळातील अल्फा-लिनक्सच्या वापराचे एक उदाहरण बरेच गाजले. 'टायटॅनिक' (1997) या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी डिजिटल डोमेन या संस्थेने सुमारे 160 अल्फा संगणक वापरले. त्यांपैकी 105 वर लिनक्स व उर्वरितांवर एनटी चालत होते. अल्फाचे आकर्षण भारतातही पोहोचले होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'अनुपम' या समांतर संगणकमालिकेतील एक पिढी अल्फा प्रोसेसरवर आधारलेली होती.

बीएसडीचा आग्रह :

बीएसडी परंपरेतील कार्यप्रणालींनी वेगळी भूमिका घेतली. ख्रिस डेमेट्रिऊ यांनी सिद्ध केलेली नेटबीएसडीची अल्फा आवृत्ती नोव्हेंबर 1995 च्या नेटबीएसडी 1.1 मध्ये प्रसिद्ध झाली. तिची अट एकच होती : यंत्रावर एसआरएम असले पाहिजे. ओपनबीएसडी व फ्रीबीएसडी यांचीही अट तीच. एसआरएम स्मृतीत यंत्राच्या वर्णनाचा एक तक्ता मांडून ठेवी, तसेच कार्यप्रणालीस हाक मारता येतील अशी कार्येही पुरवी. या दोहोंवर बीएसडीची उभारणी होती. परिणामी एआरसीच्या यंत्रधारकास प्रथम फर्मवेअर बदलावे लागे.

हे काम धाडसाचे होते. काही यंत्रांत दोन्ही फर्मवेअर नांदत. तेथे एसआरएमच्या 'ओएस टाइप' या चलाची किंमत बदलून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की भागे. परंतु 164 एलएक्स या फलकाच्या 1 मेगाबाइट फ्लॅश स्मृतीत एका वेळी एकच फर्मवेअर मावत असे. फ्लॅश लिहिताना वीज गेली तर फलक निकामी होण्याची भीती. म्हणून फलकावर संकटकाळी उपयोगी पडणारा एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम ठेवलेला असे. फर्मवेअर बदलल्यानंतरही डिस्कचा पेच उरे. एसआरएम डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या खंडात 480 व्या बाइटापासून बूट प्रोग्रॅमचा आकार, त्याचे स्थान आणि अखेरीस पडताळा-बेरीज शोधते. डॉस पद्धतीचा विभाजन-तक्ता त्याच खंडात 446 व्या बाइटापासून सुरू होतो. दोघांची जागा एकमेकींवर येते. त्यामुळे एनटी आणि बीएसडी एकाच डिस्कवर सुखाने नांदवणे दुरापास्त होते आणि वेगळ्या डिस्कचा खर्च अटळ ठरे.

आधार गेल्यानंतर :

1998 मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली. ऑगस्ट 1999 मध्ये अल्फावरील एनटीचा आधार कॉम्पॅकने काढून घेतला आणि चाचणीच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेली विंडोज 2000 ची अल्फा आवृत्ती बाजारात आलीच नाही. ज्या कार्यप्रणालीसाठी एआरसी व अल्फाबायोस निर्माण झाले तिनेच पाठ फिरवली. यंत्रे मात्र चालू स्थितीत होती.

मायलो व बीएसडी यांच्या भूमिकांचे मोल यानंतरच्या काळात उघड झाले. मायलोने अधिक लोकांना लवकर प्रवेश दिला, यात शंका नाही. परंतु तो लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरांवर आणि प्रत्येक फलकासाठी स्वतंत्र बांधणीवर विसंबून होता. लिनक्स 2.2 च्या काळानंतर त्याची निगा राखणारे उरले नाहीत. बीएसडीचा आग्रह आरंभी आडमुठा वाटला तरी निर्मात्याने कागदोपत्री नमूद केलेल्या एकाच प्रवेशद्वाराशी तो बांधलेला असल्याने देखभालीचा भार मर्यादित राहिला. अर्थात या आग्रहाची किंमतही कोणीतरी मोजली. 'अल्फा एक्सएल' मालिकेच्या यंत्रांना एसआरएम मिळालेच नाही. त्यांच्यासाठी बीएसडीचे दार कधी उघडले नाही आणि मायलोबरोबर त्यांचा लिनक्सचा रस्ताही जुन्या आवृत्त्यांपाशी थबकला.

जून 2001 मध्ये कॉम्पॅकने अल्फाऐवजी इटेनियमकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. 2002 मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली व एप्रिल 2007 मध्ये अल्फा यंत्रांची विक्री थांबली. फ्रीबीएसडीने 2008 च्या 7.0 आवृत्तीत अल्फा वगळले; डेबियनची अल्फासाठीची अखेरची अधिकृत आवृत्ती 2009 ची. जुलै 2024 मधील लिनक्स 6.10 ने 21164ए पूर्वीच्या अल्फा प्रोसेसरांचा आधार काढून टाकला, कारण त्या प्रोसेसरांत एकेक बाइट थेट वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा नव्हत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झालेली नेटबीएसडी 10.0 मात्र अल्फासाठीही उपलब्ध झाली, आणि तिची अट 1995 मध्ये होती तीच राहिली.