ढोकरी

बगळ्यांच्या आर्डिइडी कुलातील हा सुमारे ४५ सेंमी. लांबीचा पक्षी भारतीय शहरांतील नाले, तळी, खाड्या आणि नदीकाठांवर बारमाही दिसतो. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांची नोंद करताना अर्डिओला ग्रेयी या जातीचे वर्णन प्रथम केले. विणीचा हंगाम सोडून इतर वेळी मातकट तपकिरी, रेघांच्या पिसाऱ्यामुळे काठावरच्या चिखलात ती जवळजवळ अदृश्य असते. मात्र उडताच तिचे शुभ्र पंख एकदम उघडे पडतात, आणि ओळख पटवण्यासाठी यापेक्षा भरवशाची खूण नाही. विणीच्या हंगामात पाठीवर गर्द तांबूस लांब पिसे येतात, तेव्हा नवख्या निरीक्षकाला ती वेगळीच जात वाटते. रातबगळ्याचे पिल्लूही तपकिरी असल्याने घोटाळा होतो. पण त्याच्या पंखांवर फिकट ठिपके असतात, चोच अधिक जाड असते आणि उडताना पांढरे पंख दिसत नाहीत. उडताना मान आखडून घेणे हे सर्वच बगळ्यांचे लक्षण असून करकोचे ती सरळ ताणून उडतात.

मासे, बेडूक व कीटक टिपण्यासाठी ढोकरी दीर्घकाळ निश्चल उभी राहते, त्यामुळे दुर्बीण नसली तरी निरीक्षण साधते. पावसाळ्यात ती वड, चिंच अशा मोठ्या वृक्षांवर, पुष्कळदा रहदारीच्या रस्त्यालगतही, वसाहतीने घरटी करते. अशा सारंगागाराखाली, म्हणजे सामूहिक वीणस्थळाखाली, गर्दी केल्यास पिल्ले बिथरून खाली पडण्याचा धोका असतो.