शाफ्ट भरून देणारे
पुण्याच्या बिबवेवाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मेटल स्प्रेची गन धरायला शिकलो, तेव्हा बहुतेक गिऱ्हाइकांचं मागणं एकच असायचं: शाफ्ट भरून द्या. बेअरिंगची जागा झिजली की लेथवर खरवडायची, ब्लास्टिंग करायचं, ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीत तार वितळवून हवेच्या दाबाने फवारायची आणि पुन्हा मापात आणायचं. झुरिकच्या मॅक्स शूप यांनी 1910 च्या सुमारास काढलेली ही रीत आमच्या गल्लीचं पोट भरत होती.

या कामाचा जीव ब्लास्टिंगमध्ये आहे, असं माझं ठाम मत. फवारलेला धातू वेल्डिंगसारखा एकजीव होत नाही, खरखरीत पृष्ठभागाला पकडून बसतो. ब्लास्ट केलेल्या जागेला तेलकट बोट लागलं, तरी उस्ताद जॉब परत ब्लास्टिंगला पाठवायचे. ते बरोबरच होतं.

तारेच्या कामाने माप भरायचं, पण वाळू ओढणाऱ्या पंपाचा स्लीव्ह लवकरच परत यायचा. तिथे टंगस्टन कार्बाइडच हवं. 1923 साली जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी त्याची भुकटी कोबाल्टमध्ये बांधली, क्रुपने ती ‘विडिया’ नावाने विकली. आपले लेथवाले अजून ‘विडिया टूल’ म्हणतात. दापोडीच्या सँडविक एशियामुळे पुण्याला कार्बाइडची चांगली ओळख होती.

पण हीच भुकटी ज्योतीत फार तापली की तिच्यातला कार्बन जळतो. कोटिंग ठिसूळ होतं आणि वाळूच्या घासण्याने त्याचे कण निखळतात. यावर उपाय सापडला तो वेगात. 1950 च्या दशकात अमेरिकेत युनियन कार्बाइडने स्फोटांच्या धक्क्याने भुकटी मारणारी डी-गन आणली. 1980 च्या दशकात एचव्हीओएफ आलं: गॅसचा झोत आवाजाहून वेगवान, कण जेमतेम मऊ होऊन आदळतात आणि थर घट्ट बसतो. पाव मिलिमीटरचा तो थर घासायला डायमंड व्हील लागतं. हिमाचलातल्या 1500 मेगावॉटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात सतलजच्या गाळातली गारगोटी टर्बाइन खात होती, तिथेही हेच कोटिंग चढवलं गेलं.

मोठ्या यंत्रांची माहिती छापून ठेवलेली आहे. भरलेल्या शाफ्टच्या नोंदी मात्र तेलकट वह्यांत पडून आहेत. कुठल्या जॉबवर कुठली तार चढवली, तो किती टिकला, पापुद्रा का निघाला, हे सगळं त्यांत आहे. इथलं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट 1983 पासून इंजिनिअर घडवतंय. त्या मुलांना माझी विनंती आहे: या वह्या रद्दीत जाण्याआधी येऊन उतरवून घ्या.