टाकीतले डिझेल आणि ठाण्याची पायरी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर उभ्या ट्रकच्या टाकीतून डिझेल जाणे ही जुनी गोष्ट आहे आणि त्याची तक्रार न होणे ही तितकीच जुनी. टाकीचे झाकण उचकटलेले दिसले की ड्रायव्हर मालकाला फोन करतो, मालक दोन शिव्या घालतो, नुकसान कोणाच्या तरी हिशेबात टाकले जाते आणि गाडी पुढच्या खेपेला लागते. ठाण्याची पायरी सहसा कोणी चढत नाही. याचे ठरलेले कारण सांगितले जाते ते असे की, पोलीस दखल घेत नाहीत. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पोलीस नुसते ढिले असते तर लोकांनी तक्रारी करून, मोर्चे काढून त्यांना हलवले असते. या दोन जिल्ह्यांत दारूपासून जमिनीपर्यंत मोर्चे काही कमी निघाले नाहीत. डिझेलसाठी तसे घडले नाही, कारण ज्याच्या डोळ्यांदेखत चोरी उघडकीस येते तो ड्रायव्हर फिर्यादी म्हणून कधी कोणाच्या डोळ्यांसमोर आलाच नाही. या जंगलमुलखात सरकारने गाडी आणि गाडीवान यांच्याकडे पिढ्यानपिढ्या एकाच नजरेने पाहिले, ती म्हणजे संशयिताच्या. पोलिसांवरचा अविश्वास या नजरेतून आला आहे आणि तो डिझेलच्याही आधीचा आहे.

सुरुवात लाकडापासून करावी लागते. आलापल्ली आणि सिरोंचाच्या सागवानासाठी इंग्रजांच्या काळात जी वनव्यवस्था उभी राहिली तिचा कणा होता नाका आणि वाहतूक परवाना. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या 52 व्या कलमाने चोरीच्या वनोपजाबरोबर हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरेही जप्त करण्याचा अधिकार दिला. बैलगाडी आणि बैल हीच ज्याची सारी मिळकत, त्याच्यासाठी ही शिक्षा खटल्याआधीच होऊन जात असे. पुढे बैलगाडीची जागा ट्रकने घेतली. महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून वाहन सरकारजमा करण्याचे अधिकार वन अधिकाऱ्यांकडे दिले, आणि वाहन सोडवायचे तर आपल्याला, आपल्या हस्तकाला किंवा गाडी चालवणाऱ्याला काही ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आला. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली, 2015 ते 2021 या काळात चंद्रपुरातही होती. दारूबंदी कायद्यातही वाहन जप्त होते. या कायद्यांची गरज नव्हती असे मुळीच म्हणायचे नाही. सागवान खरोखर चोरीला जात होते आणि दारूही खरोखर येत होती. मात्र परिणाम असा झाला की, खाकी कपड्यातला माणूस ट्रकजवळ येतो तो ट्रक अडवायला, ताडपत्री उचलायला आणि कागद मागायला, एवढीच ओळख ड्रायव्हरला राहिली. तो कधी ट्रकचे काही गेले म्हणूनही येऊ शकतो, हे त्याने अनुभवलेच नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दोन तृतीयांशाहून अधिक ट्रकचालकांनी रस्त्यावर पोलिसांना पैसे द्यावे लागल्याचे सांगितले होते. ज्याला पैसे देऊन सुटका करून घ्यायची त्याच्याकडेच मदत मागायला जायचे, हे कोणत्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही.

आता डिझेलकडे येऊ. टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला 1954 मध्ये सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत देशाची मालवाहतूक डिझेलवर गेली. चंद्रपूरला याचा अर्थ फार मोठा होता. बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबू हवा होता, 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, ऐंशीच्या दशकात दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. कोळसा, चुनखडी, राख, सिमेंट, बांबू हा सगळा माल वजनदार आणि स्वस्त आहे. त्याला वाहून नेणारे डिझेल मात्र महाग. डिझेलचा आणखी एक गुण चोराच्या सोयीचा आहे. ते पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही, नळी लावून कॅनमध्ये भरता येते, त्यावर कोणाचे नाव नसते, आणि ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, शेतातले इंजिन, दुसरा ट्रक यांपैकी कुठेही ते बिनबोभाट खपते. चोरीचा कोळसा विकायला वीटभट्टी किंवा डेपो लागतो. डिझेलचा गिऱ्हाईक तर रस्त्यालाच असतो.

इथेच पहिला आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही: डिझेल चोरतात ते ड्रायव्हरच, मग त्यांची तक्रार कोण ऐकणार? यात तथ्य आहे. धाब्यावर पाच-दहा लिटर काढून विकणे हा या धंद्यातला सर्वांना माहीत असलेला प्रकार आहे. पण तो धंद्याच्या हिशेबातूनच जन्मलेला आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मालक गाडीचे अॅव्हरेज ठरवतो, किलोमीटरला भागून डिझेल देतो आणि पगार इतका ठेवतो की घर चालवायला वाचलेल्या डिझेलचा आधार लागावाच. रस्ता चांगला असला, गाडी सांभाळून चालवली, तर चार लिटर वाचतात. ते ड्रायव्हरचे, असा अलिखित करार कित्येक ठिकाणी असतो. खड्ड्यांच्या रस्त्याने किंवा नाक्यावरच्या रांगेने अॅव्हरेज पडले तर तूट मात्र त्याच्याच भत्त्यातून वळती होते. अशा हिशेबात बचत कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते, हे मालक ठरवील त्याप्रमाणे असते. मग रात्री खरीच टोळी येऊन टाकी रिकामी करून गेली तरी मालकाचा पहिला प्रश्न ड्रायव्हरला असतो. तो ठाण्यात गेलाच तर ठाणे अंमलदाराचाही पहिला प्रश्न तोच असतो: मालक कुठे आहे, गाडी कोणाची, तूच विकले नाहीस कशावरून? प्रश्न तपासाच्या दृष्टीने चुकीचा नाही. पण झारखंड, बिहार किंवा तेलंगणातून आलेल्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ एकच कळतो. काही ड्रायव्हर चोर आहेत म्हणून सर्व ड्रायव्हरांना फिर्यादी होता येऊ नये, हा न्याय आपण दुसऱ्या कुठल्याही धंद्याला लावत नाही. बँकेचे कर्मचारीही अपहार करतात; म्हणून बँकेवर दरोडा पडल्यावर कोणी रोखपालाला आधी कोठडीत बसवत नाही.

इंधनाच्या चोरीची साखळी ड्रायव्हरपेक्षा किती मोठी असते हे महाराष्ट्राने 25 जानेवारी 2011 रोजी पाहिले. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात रस्त्याकडेला टँकरमधून चाललेला भेसळीचा प्रकार पाहून मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे थांबले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. अनुदानाचे केरोसीन आणि डिझेल यांच्या भावातल्या फरकावर ती भेसळ पोसली गेली होती. खुनानंतर राज्यभर धाडी पडल्या, सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. या धाडी आधी का पडल्या नाहीत, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. टँकर कुठे थांबतो, कोणता धाबा माल घेतो, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवाल्याला दिसत असणार. पण ते सांगायला जागा नव्हती, आणि सांगितल्यावर आपले नाव ठाण्यातच राहील याची खात्री तर त्याहून नव्हती. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचे असे झाले, तिथे क्लीनर-ड्रायव्हरने काय धडा घेतला असेल, हे वेगळे सांगायला नको.

गडचिरोलीबाबत दुसरा आक्षेप घेतला जातो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. जिथे पोलिसांचाच जीव धोक्यात होता तिथे कॅनभर डिझेलचा तपास करा म्हणणे हा करंटेपणा आहे, असे म्हणतात. नक्षलवादी 1980 च्या सुमारास गोदावरी ओलांडून या भागात आले, 26 ऑगस्ट 1982 रोजी स्वतंत्र गडचिरोली जिल्हा झाला आणि 1990 मध्ये पोलिसांचे नक्षलविरोधी सी-60 पथक उभे राहिले. बांबू आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदारांकडून खंडणी, रस्त्याच्या कामावरील यंत्रे जाळणे हे त्यानंतरच्या तीन दशकांचे नित्याचे झाले. 23 डिसेंबर 2016 रोजी एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिज वाहतुकीचे ऐंशीच्या घरात ट्रक आणि वाहने जाळली गेली. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात 15 जवान गेले. त्यांच्याबरोबर ज्या खाजगी वाहनातून ते जात होते त्याचा चालकही गेला. अशा काळात ठाण्यांना तटबंदी आली, दरवाजाशी वाळूची पोती आली, हे समजण्यासारखे आहे. परंतु या युक्तिवादाने नेमके उलटे सिद्ध होते. बंदुकीच्या लढाईत पोलिसांना सर्वात जास्त गरज होती ती रस्त्यावरच्या माहितीची, आणि रस्त्यावर रात्रंदिवस असणारा माणूस ड्रायव्हर होता. दोन्ही बाजूंचा संशय त्याच्यावर असल्याने तो दोन्ही बाजूंशी गप्प राहायला शिकला. हे मौन पुढे शांतता आल्यावर आपोआप सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. गडचिरोली पोलिसांनी अलीकडे ‘दादालोरा खिडकी’ सुरू करून दाखले, योजना, प्रशिक्षण ठाण्यातूनच द्यायला सुरुवात केली. आदिवासी गावांशी तुटलेले नाते जोडण्याचा तो चांगला मार्ग ठरला. म्हणजे विश्वास कसा कमवायचा हे या खात्याला ठाऊक आहे. फक्त तो प्रयत्न गावापर्यंत आला, रस्त्यापर्यंत आला नाही.

आणि रस्ता तर आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाहतो. सुरजागडचे खाणकाम 2021 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 2023 मध्ये वर्षाला 1 कोटी टन उत्खननाला पर्यावरण मंजुरी मिळाली. तीस टनांचा एक ट्रक धरला तर एवढ्या मालाला वर्षाकाठी सव्वातीन लाखांहून अधिक, म्हणजे दिवसाला नऊशेच्या आसपास भरलेल्या खेपा होतात. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्यांची त्यात काय गत झाली आणि अपघातांनंतर गावकऱ्यांनी किती वेळा रास्ता रोको केला, ते विदर्भातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. हेडरीहून कोनसरीपर्यंत लोहखनिजाची 85 किलोमीटरची स्लरी पाइपलाइन 2025 मध्ये सुरू झाली, त्याने काही ट्रक कमी होतील. कोळसा आणि सिमेंटचे होणार नाहीत. काही मालक म्हणतात, जीपीएस आणि टाकीतले सेन्सर आले, चोरीचा प्रश्न मिटला. सेन्सर डिझेल कधी आणि कुठे कमी झाले ते सांगतो. कोणी काढले ते सांगत नाही. बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग मालकाने ड्रायव्हरला धारेवर धरण्यासाठीच होतो. हीच नोंद ड्रायव्हरच्या बाजूने पुरावा म्हणून ठाण्यात नेता येते, हे कोणी त्याला सांगितलेले नसते.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे ट्रक थांबले आणि विदर्भातल्या पंपांवर रांगा लागल्या, त्याचे कारण या सगळ्याशी जोडलेले आहे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या 106(2) कलमात अपघातात मृत्यूस कारणीभूत ठरून पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. शहरी वाचकाला वाटले, कळवायला काय हरकत आहे? ड्रायव्हरांचे म्हणणे होते की थांबलो तर जमाव मारील, आणि ठाण्यात गेलो तर कोणी आमचे ऐकणार नाही. सरकारने ते कलम 1 जुलै 2024 ला लागू केले नाही, म्हणजे या भीतीत दम आहे हे एका परीने मान्यच केले. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या एका तरतुदीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र वर्गात आली आहे. डिझेलचा भाव नव्वद रुपयांच्या आसपास धरला तर पंचावन्न लिटरपर्यंतची चोरी या रेषेखाली येते. म्हणजे ठाण्याने ती साधी चोरी धरली तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होऊन हातात कागद मिळणार, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, आणि कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्याची झिरो एफआयआरची सोयही नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावले होते. गुन्हाच अदखलपात्र ठरल्यावर त्या निकालाचा ड्रायव्हरला उपयोग उरत नाही.

तरी त्याच संहितेच्या 112 व्या कलमात टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांत वाहनातून होणारी चोरी आणि मालाची चोरी ही दोन्ही स्पष्ट शब्दांत घातली आहेत, आणि तिथे शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. एकाच रस्त्यावर, एकाच पद्धतीने, दर आठवड्याला टाक्या रिकाम्या होत असतील तर तो टोळीचा धंदा आहे. पण तो तसा दिसायचा तर प्रत्येक टाकीची नोंद एका जागी झाली पाहिजे. पन्नास लिटरची एक चोरी एनसीच्या वहीत मरते, तशा तीस नोंदी एकत्र वाचल्या तर त्यातून एक धाबा, एक पिकअप आणि दोन-तीन नावे वर येतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पोलीस अधीक्षकांनी पडोली, बल्लारपूर, आष्टी आणि आलापल्ली या चार ठिकाणी ड्रायव्हरची फिर्याद हिंदी-तेलुगूतही लिहून घेणारी, मालकाच्या संमतीची अट न घालणारी एक वही ठेवावी आणि तिच्यातल्या नोंदी महिन्याला एकत्र तपासाव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.