वर्दी कोणी द्यायची? : बिल्डच्या साखळीचा इतिहास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी आयोजकांना फोन केले, असं कळलं. ज्यानं चाळीस वर्षं वर्गात कार्यकारणभाव शिकवला त्यानं सॉफ्टवेअरच्या बिल्डबद्दल काय बोलावं? शंका रास्त आहे. आम्ही प्रोग्रामर नाही. या विषयात आम्हांला ओढलं ते आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं. एम.ए. अर्धवट सोडून तो संगणकाकडे गेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "सर, परवा आमच्या टीममध्ये तुमचं गाढव सापडलं."

गाढव म्हणजे कुंभाराचं गाढव. न्यायशास्त्र वाचलेल्यांना ते ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. घट तयार होण्याआधी माती असते, चाक असतं, दांडा असतो, कुंभार असतो. ही सारी घटाची कारणं. पण ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली तेही घटाच्या आधी हजर होतंच की! मग ते कारण का नाही? तर माती बैलगाडीतून आली असती तरी घट झालाच असता. म्हणून नैयायिक गाढवाला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आधी असणं वेगळं आणि कारण असणं वेगळं.

त्यांच्या कंपनीत घडलं ते असं. कोड वीसेक रिपॉझिटऱ्यांत वाटलेला. एकीत बदल झाला की तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसरीची पाइपलाइन आपोआप सुरू व्हायची. एका रात्री मुख्य प्रोग्रामची पाइपलाइन लाल झाली. ती कोणामुळे सुरू झाली याची नोंद होती, आणि त्या नोंदीत नुकत्याच लागलेल्या एका मुलीचं नाव होतं. दोन दिवस सगळे तिच्या बदलातली चूक शोधत होते. तिसऱ्या दिवशी कळलं, की पाइपलाइननं तिचा बदल घेतला तसा इतर सगळ्या रिपॉझिटऱ्यांतलाही 'सर्वांत ताजा' कोड उचलला होता, आणि बिघाड तिच्या दहा मिनिटं आधी भलत्याच रिपॉझिटरीत झाला होता. त्या रिपॉझिटरीनं कोणालाच वर्दी दिली नव्हती. मुलीनं फक्त घंटा वाजवली होती.

इथून आमचं कुतूहल सुरू झालं. एका ठिकाणी बदल झाला तर तो दुसऱ्याला कोणी कळवायचा? आणि कळवलं म्हणजे नक्की काय कळवलं? या प्रश्नाला सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

आधी शब्द सोडवून घेऊ. रिपॉझिटरी म्हणजे कोडचं कोठार आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची रोजकीर्द, दोन्ही एकत्र. त्या कीर्दीतली एक नोंद म्हणजे कमिट. बिल्ड म्हणजे माणसानं लिहिलेल्या कोडपासून यंत्रावर चालणारा प्रोग्राम तयार करणं, आणि पाइपलाइन म्हणजे बिल्ड, चाचण्या वगैरे पायऱ्या ओळीनं आपोआप पार पाडणारी व्यवस्था. आमच्या पिढीला हे प्रबंधाच्या उदाहरणानं पटेल. आमचा प्रबंध १९८० च्या सुमारास टाइपरायटरवर झाला. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात एक तळटीप वाढवायला सांगितली, की पुढच्या सगळ्या तळटिपांचे क्रमांक सरकत, पानं सरकत आणि शेवटची सूची खोटी पडे. आमचे टायपिस्ट प्रत्येक वेळी एकच विचारत, "सर, आता काय काय पुन्हा मारू?"

हाच प्रश्न १९७६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्यापुढे आला. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी वैतागून त्यांच्या खोलीत शिरले. सकाळभर ते एका प्रोग्राममधली चूक शोधत होते आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती! फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमन स्वतःही आदल्या संध्याकाळी तशाच घोळात सापडले होते. त्या शनिवार-रविवारात त्यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे एका कागदावर मांडायचं. मेक प्रत्येकीची वेळ पाहतो, आणि आधाराची फाइल जास्त ताजी असेल तेवढंच पुन्हा बांधतो. त्या कागदावर आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू करावी लागते. ही गैरसोय फेल्डमनना लवकरच कळली होती, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून ती तशीच राहिली. आज पन्नास वर्षांनंतर जगभरचे लोक त्या डझनभरांसाठी टॅब दाबत आहेत! रूढी कशा जन्मतात यावर याहून चांगलं उदाहरण आम्हांला वर्गात कधी सापडलं नव्हतं.

पण मेकमधली दिशा नीट पाहा. इथे कोणी कोणाला वर्दी देत नाही. ज्याला शेवटचा माल हवा तो विचारतो, 'माझ्या आधाराचं काही बदललं आहे का?' अवलंबून असणारा मागे वळून पाहतो. आणि सारं नातं एका कागदावर असल्यानं उत्तर खरं मिळतं.

कागद एक राहिला नाही. प्रकल्प वाढले तशी प्रत्येक फोल्डरला स्वतःची मेकफाइल आली आणि एक मेक दुसऱ्या मेकला हाक मारू लागला. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पीटर मिलर यांनी या पद्धतीवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ आहे: अवलंबनाचा नकाशा फाडून तुकडे वाटले, तर कोणत्याच तुकड्याला पूर्ण सत्य दिसत नाही. मग काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त बांधलं जातं, काही ठिकाणी कमी, आणि हे लपवायला लोक तेच काम दोनदा चालवतात. मेकचा दोष नाही, दोष फाडण्याचा, असं मिलर म्हणतात. आणि हे सगळं एकाच घरातल्या खोल्यांबद्दल होतं हे लक्षात ठेवा. घरं वेगळी झाल्यावरची कथा अजून यायची आहे.

मधला काळ भराभर ओलांडू. प्रत्येकानं आपलं काम वरचेवर एकत्र मिसळावं या कल्पनेला ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये नाव दिलं, केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगनं तिला शिस्त दिली, २००० साली मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांच्या लेखानं ती सर्वतोमुखी केली. २००१ मध्ये थॉटवर्क्समधून 'क्रूझ कंट्रोल' आलं. आता कोड आत गेला की सर्व्हर स्वतःच बिल्ड चालवी.

पण अनेक घरांचा प्रश्न खऱ्या अर्थानं हाती घेतला तो अपाचे फाउंडेशनच्या 'गंप' या प्रकल्पानं. तो सॅम रूबी यांनी सुरू केला. हा आमचा आवडता टप्पा आहे, म्हणून थोडं थांबतो. जाव्हा भाषेतले मुक्त-स्रोत प्रकल्प एकमेकांच्या लायब्रऱ्या वापरत, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. एखाद्यानं आपल्या लायब्ररीतली एक पद्धत काढून टाकली, तर दुसऱ्याचा प्रोग्राम मोडल्याचं काही महिन्यांनी कळे. गंपनं काय केलं? कोण कोणावर अवलंबून आहे याची वर्णनं एका ठिकाणी जमवली आणि सगळे प्रकल्प एकमेकांच्या अगदी ताज्या कोडवर बांधून पाहायचा धडाका लावला. मोडलं की काही तासांत संबंधितांना मेल. फाटलेला नकाशा पुन्हा जोडण्याचाच हा प्रयत्न होता. आणि गंपच्या तक्त्यात एक बारीक भेद होता: 'हा प्रकल्प स्वतः मोडला' आणि 'याचा आधार मोडला म्हणून हा बांधताच आला नाही', या दोन अवस्था वेगळ्या नोंदल्या जात. गाढव आणि कुंभार वेगळे ठेवले होते म्हणा ना.

त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्समधल्या कोहसुके कावागुची यांनी २००४ च्या सुमारास 'हडसन' लिहायला घेतलं. पुढे ओरॅकलशी नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्यातून 'जेन्किन्स' झालं. नदीच्या भाषेतले वरचा आणि खालचा हे शब्द इथे रुळले. गंमत अशी, की तोच बाण दोन्ही टोकांनी काढता येई. वरचा म्हणू शके, 'माझं झालं की त्याला उठवा'. खालचा म्हणू शके, 'त्याचं झालं की मला उठवा'. तंत्राला फरक नाही, माणसांना आहे. पहिल्या रीतीत लायब्ररी लिहिणाऱ्यानं आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी सांभाळायची. आमचं मत विचाराल तर ती जबाबदारी उलटी आहे: कोणावर आपलं पोट अवलंबून आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, आपल्या विहिरीवर कोण कोण पाणी भरतं हे विहिरीच्या मालकाला नसतं.

हडसनमध्ये 'फिंगरप्रिंट' नावाची आणखी एक सोय होती. प्रत्येक तयार फाइलीचा एक आकडी ठसा घ्यायचा आणि खालच्या बिल्डनं नेमका वरच्या कोणत्या बिल्डचा माल वापरला ते नोंदवायचं. म्हणजे घंटा कोणी वाजवली याबरोबर माती कुठली हेही लिहिलेलं. आमच्या विद्यार्थ्याच्या टीमला नेमकं हेच हवं होतं, आणि ते सुमारे दोन दशकं उपलब्ध होतं.

मग घरं वेगळी झाली. २००५ मध्ये गिट आलं, २००८ मध्ये गिटहब. रिपॉझिटरी उघडणं चहा सांगण्याइतकं सोपं झालं. मायक्रोसर्व्हिसची लाट आली, आणि पूर्वी एका कोठारात असलेला कोड तीस-चाळीस कोठारांत गेला. त्यांना जोडणारा धागा म्हणजे वेबहुक. हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केला. अमुक घडलं की तमुक पत्त्यावर एक निरोप टाका, बस. आता निरोप म्हणजे काय ते बघा. गिटहबवर एका रिपॉझिटरीतून दुसरीची पाइपलाइन उठवायला 'रिपॉझिटरी डिस्पॅच' नावाचा निरोप पाठवतात. त्याला उत्तर येतं २०४. वेबच्या भाषेत २०४ म्हणजे 'पोचलं, पण सांगण्यासारखं काही नाही'. तिकडे बिल्ड यशस्वी झालं का, मोडलं का, सुरू तरी झालं का, यांतलं काहीही त्या उत्तरात नाही. गिटलॅबवरही तीच गत: खालची पाइपलाइन नुसती निर्माण झाली की वरचं ट्रिगरचं काम हिरवं होतं. खालच्याचा निकाल येईपर्यंत थांबायचं असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं, आणि बरेच जण लिहीत नाहीत. दिवा हिरवा दिसतो, पण तो टपाल पेटीत पडल्याचा दिवा आहे.

यात एक जुना दोष दारात उभा होता. 'अ' नं 'ब' ला उठवलं, 'ब' नं काम करून 'अ' मध्ये काही लिहिलं, त्यानं 'अ' पुन्हा उठला. आमच्याकडे याला अन्योन्याश्रय म्हणतात, फेरा लांबला तर चक्रक, संपलाच नाही तर अनवस्था. गिटहबनं त्यावर साधा नियम केला: पाइपलाइनला आपोआप मिळणाऱ्या टोकननं केलेल्या कामामुळे, मोजके अपवाद सोडता, नवी पाइपलाइन सुरू होत नाही. शिवाय ते टोकन आपल्या रिपॉझिटरीबाहेर चालत नाही. म्हणून शेजारच्या घराची घंटा वाजवायला लोक स्वतःच्या नावाचं टोकन काढून तिथे ठेवतात. परिणाम असा, की वर्दीवर माणसाचं नाव चढतं, आणि अनवस्थेपासूनचं ते संरक्षणही जातं. त्या मुलीचं नाव नोंदीत कसं आलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

यातून सुटायचे दोन मोठे प्रयत्न झाले. एक म्हणजे घरं वेगळी करायचीच नाहीत. गूगलनं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार त्यांच्या एकाच रिपॉझिटरीत सुमारे २ अब्ज ओळी आणि ९० लाख सोर्स फाइली होत्या. नकाशा अखंड, पण तो सांभाळायला गूगलएवढी यंत्रसामग्री लागते. ज्यांना ते परवडतं त्यांचा प्रश्न वेगळा, एवढं म्हणून पुढे जातो.

दुसरा प्रयत्न ओपनस्टॅकचा. तिथे शेकडो रिपॉझिटऱ्या, अनेक कंपन्यांचे लोक. त्यांनी २०१२ मध्ये 'झूल' नावाची व्यवस्था केली. 'घोस्टबस्टर्स' सिनेमातल्या द्वारपालाचं हे नाव, आणि काम द्वारपालाचंच. इथे बदल आत गेल्यावर वर्दी दिली जात नाही, आत जाण्याआधी परीक्षा होते. दोन बदल रांगेत असतील, तर पहिल्याची चाचणी चालू असतानाच 'पहिला पास होईल' असं गृहीत धरून दुसऱ्याची चाचणी पहिल्यासकट होते. पहिला नापास झाला, तर दुसऱ्याची परीक्षा त्याला वगळून पुन्हा. आणि पुढे त्यात अशी सोय आली, की आपला बदल दुसऱ्या रिपॉझिटरीतल्या अमुक बदलावर अवलंबून आहे, असं कमिटच्या संदेशातच एका ओळीत लिहायचं. झूल दोन्ही एकत्र तपासतो. म्हणजे अवलंबन कोणाच्या डोक्यात नाही, 'ताजं काय असेल ते' यावरही नाही, बदलाच्या नोंदीतच लिहिलेलं. मेकच्या कागदाशी याचं नातं आम्हांला दिसतं. फरक एवढाच, की मेक वेळेवरून ओळखायचा आणि इथे माणूस स्वतः सांगतो. माणूस लिहायला विसरला तर झूललाही कळत नाही, हे खरं.

आमच्या विद्यार्थ्यानं आपल्या टीमसाठी झूल वगैरे काही आणलं नाही. वीस रिपॉझिटऱ्यांना ते जड होतं. त्यांनी तीन गोष्टी केल्या. वर्दीबरोबर वरच्या कमिटची ओळख पाठवायची. खालच्यानं 'ताजं' न उचलता तेवढाच एक बदल घ्यायचा आणि बाकी सगळं शेवटच्या यशस्वी बिल्डमध्ये होतं तसं ठेवायचं. आणि वर्दी माणसाच्या नव्हे, यंत्राच्या खात्यावरून जायची. आता लाल दिवा लागला तर दोन बिल्डांमध्ये नेमका एकच फरक असतो. पाइपलाइन पूर्वीपेक्षा जास्त वेळा चालतात, सर्व्हरचं बिल वाढलं आहे, आणि वरिष्ठ त्यावर दर महिन्याला कुरकुर करतात.

त्या मुलीचं काय झालं, हे आम्ही त्याला विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी खरं कारण सापडल्यावर टीमच्या ग्रुपवर 'प्रश्न सुटला' एवढाच मेसेज गेला. कारण कुठलं, ते कोणी लिहिलं नाही. दोन महिन्यांनी तिनं दुसरीकडे नोकरी धरली.

चहा आलेला दिसतो. प्रश्न चहाबरोबरच घेऊ.