भोकं पडलेल्या जमिनीचं रान

जेम्स बाँडचा 'गोल्डनआय' (१९९५) बघितला असेल तर शेवटची मारामारी आठवत असेल. हिरव्या टेकड्यांच्या मधोमध एक अवाढव्य थाळी, तिच्या वर तारांवर लोंबणारा लोखंडी सांगाडा आणि त्यावरून एकमेकांना खाली ढकलू पाहणारे दोघेजण. 'काँटॅक्ट' (१९९७) मध्येही हीच थाळी. आणि १९९९ नंतर ज्यांनी ऑफिसच्या पीसीवर 'सेटी ॲट होम'चा स्क्रीनसेव्हर लावून ठेवला होता, त्यांच्या प्रोसेसरने तर याच थाळीने गोळा केलेला डेटा दळलेला आहे. आमच्या क्युबिकलमध्ये रात्रभर चालू राहणाऱ्या मशीन्सचं तेच एक समर्थन असायचं!

ही थाळी म्हणजे पोर्तो रिको बेटावरची अरेसीबो रेडिओ दुर्बीण. तिच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला आज लिहायचंय ते तिच्या खालच्या खड्ड्याबद्दल आणि त्या खड्ड्याच्या आजूबाजूला पसरलेल्या रानाबद्दल.

हा खड्डा माणसांनी खणलेला नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला असा प्रकार सहज बघायला मिळत नाही, कारण आपला सह्याद्री बेसाल्टचा. बेसाल्ट झिजतो, फुटतो, पण साखरेसारखा विरघळत नाही. चुनखडीचा दगड विरघळतो. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि दगडाच्या फटीत शिरून त्या रुंद करत राहतं. हे लाखो वर्षं चाललं की फटींची भुयारं होतात, भुयारांची छतं खचून खड्डे होतात, नद्या मध्येच जमिनीत गडप होतात आणि काही किलोमीटरवर परत वर येतात (इथली कामुय नदी असंच करते). मधेमधे जे खडक विरघळायचे राहून जातात ते उभ्या कडांच्या बुटक्या टेकड्या होऊन उरतात. त्यांना तिकडे 'मोगोते' म्हणतात. विमानातून बघितलं तर अंड्यांचा ट्रे उलटा ठेवल्यासारखं दिसतं. अशा भूभागाला भूगोलात कार्स्ट म्हणतात. पोर्तो रिकोचा चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग चुनखडीचा आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा पट्टा उत्तरेकडे, अरेसीबोच्या आसपास.

या टेकड्यांवरचं रानही विचित्र. मोगोतेच्या माथ्यावर माती जवळजवळ नाहीच, पडलेलं पाणी क्षणात खाली जातं, त्यामुळे तिथे भर पावसाळी प्रदेशात कोरड्या माळावरची असावीत तशी खुरटी, जाड पानांची झाडं. तीच टेकडी तीस-चाळीस मीटर उतरून पायथ्याशी आलं की दमट, गर्द सावली. म्हणजे एका टेकडीत दोन-तीन जंगलं. आणि पोटात गुहा. अरेसीबोजवळच्या एका गुहेच्या तोंडाशी संध्याकाळी बोआ जातीचे साप फांद्यांना आणि दगडांना शेपटी अडकवून उलटे लोंबतात आणि बाहेर पडणाऱ्या वटवाघळांच्या लोंढ्यातून एकेक वटवाघूळ हवेतच पकडतात. रोजचा बुफे.

आता इतिहास. १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आलं तेव्हा हे बेट बरंचसं भुंडं झालेलं होतं आणि पुढची पन्नास वर्षं आणखी भुंडं होत गेलं. सपाट किनाऱ्यावर ऊस, मधल्या डोंगरात कॉफी आणि तंबाखू, उरलेल्या ठिकाणी गुरं आणि कोळशाच्या भट्ट्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बेटावर जेमतेम ६ टक्के जंगल राहिलं होतं. चुनखडीचा पट्टाही यातून सुटला नाही. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत माती साठते, तिथे लोकांनी पिकं घेतली. बाजूच्या उतारांवरची झाडं कोळशासाठी गेली. पण मोगोतेचे उभे कडे आणि माथे? तिथे नांगर चालत नाही, बैल चढत नाही, पाणी टिकत नाही. तिथलं रान कोणी जपलं म्हणून राहिलं असं नाही, ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं म्हणून राहिलं. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि पुढे जे झालं ते तिच्याच संदर्भात बघायला हवं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने 'ऑपरेशन बूटस्ट्रॅप' नावाची योजना आणली. (आपल्या धंद्यातलं बूट होणं आणि हे बूटस्ट्रॅप, दोन्हींचा उगम एकच: स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणं.) करसवलती देऊन कारखाने बोलावले. शेतमजूर कारखान्यात गेले, नाहीतर सरळ विमानाने न्यूयॉर्कला. शेतं ओस पडली आणि ओस पडलेल्या शेतांवर जंगल परत आलं. आज निम्म्याहून जास्त बेट झाडांखाली आहे. जगात इतक्या वेगाने जंगल परत आल्याची उदाहरणं फार थोडी.

पण परत आलेलं जंगल पूर्वीचं नव्हे. पडीक जमिनीवर सगळ्यात आधी घुसला तो आफ्रिकन ट्यूलिप. म्हणजे कोण माहितीये? पुण्या-मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला लावलेला, लालभडक फुलांचा, ज्याच्या कळ्या दाबून आपण लहानपणी पाणी उडवायचो तो पिचकारी! मूळचा आफ्रिकेतला. परका म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. तिथले वनशास्त्रज्ञ एरियल लुगो यांनी मात्र उलटी बाजू मांडली: थकलेल्या जमिनीवर आधी हा परका सावली धरतो आणि मग त्याच्या सावलीत हळूहळू स्थानिक झाडं उगवतात. मला हे पटतं, पण एका अटीवर. स्थानिक झाडांचं बी कुठूनतरी यायला हवं ना? चुनखडीच्या पट्ट्यात बी जवळच होतं, त्या 'निरुपयोगी' माथ्यांवर शिल्लक राहिलेलं.

याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम गॉर्डन आयनोस्फिअरच्या अभ्यासासाठी एक प्रचंड अँटेना बांधायची जागा शोधत होते. तीनशे मीटरची थाळी करायची तर खणणार किती? त्यापेक्षा आयता खड्डा शोधा. ग्रह डोक्यावरून जावेत म्हणून विषुववृत्ताच्या जवळचा, आणि अमेरिकेच्या ताब्यातला. अरेसीबोच्या दक्षिणेला त्यांना हवा तसा मिळाला. चुनखडीतला असल्यामुळे पाऊस आपोआप जमिनीत निघून जाणार आणि भोवतालच्या टेकड्या रेडिओचा गोंगाट अडवणार. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो दोष, तोच इंजिनिअरच्या दृष्टीने फीचर! १ नोव्हेंबर १९६३ ला ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. थाळी जाळीची, त्यामुळे ऊन-पाऊस खाली झिरपायचा आणि थाळीच्या खाली नेचे आणि झुडपं वाढायची. ती वाढू द्यायचे, कारण त्यांच्यामुळे माती वाहून जात नसे.

१६ नोव्हेंबर १९७४ ला या थाळीतून आकाशात एक संदेश पाठवला गेला. १६७९ बिट्स, म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या, म्हणजे ऐकणाऱ्याला चित्राची लांबी-रुंदी ओळखता यावी. त्यात एक ते दहा हे आकडे, डीएनए, माणसाची आकृती आणि पृथ्वीवर तेव्हा असलेली माणसांची संख्या, चार अब्जांहून थोडी जास्त. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्याच बेटावर दुसरी एक मोजणी झाली. पोर्तो रिकोचा हिरवा पोपट, ज्याला मूळचे ताइनो लोक त्याच्या ओरडण्यावरून इग्वाका म्हणत, तो रानात किती उरलाय याची. आकडा आला १३.

हे तेरा पोपट होते थाळीपासून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, एल युंकेच्या डोंगरी जंगलात. एके काळी हा पक्षी सगळ्या बेटावर होता, चुनखडीच्या रानातही. पण घरट्याला ढोली असलेलं मोठं झाड लागतं, आणि मोठी झाडंच तुटली. एल युंके हे शेवटचं ठिकाण होतं, आवडीचं नव्हे. तिथे पाऊस अतोनात, ढोल्यांमध्ये पाणी, वर दुसरे पक्षी घरटी बळकावणार. पिंजऱ्यातली पैदास १९७३ मध्ये सुरू झालेलीच होती. हळूहळू रानातली संख्या ४७ च्या आसपास आली, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो वादळाने ती एका रात्रीत जवळजवळ निम्मी केली.

आपल्यापैकी कोणालाही विचारा, सगळे बॅकअप एकाच सर्व्हर रूममध्ये ठेवावेत का? तर १९९३ मध्ये दुसरं पैदास केंद्र उघडलं गेलं, आणि ते बरोब्बर चुनखडीच्या पट्ट्यात, रिओ अबाहोच्या राखीव जंगलात. दुर्बिणीपासून फार लांब नाही. हे जंगल १९३५ मध्ये राखीव झालं. थकलेल्या शेतजमिनी सरकारने घेतल्या आणि तिथे झाडं लावली. त्यातला एक मोठा भाग चक्क सागाचा! आपला साग कॅरिबियनमध्ये मोगोतेच्या पायथ्याशी रांगेत उभा आहे, त्याच्या बाजूला कड्यांवर जुनं स्थानिक रान. नोव्हेंबर २००६ मध्ये इथून पहिले २२ पोपट मोकळे सोडले. कमी पाऊस, भरपूर फळं, आडोशाला टेकड्या. पोपट टिकले आणि रानात अंडी घालू लागले.

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं. एल युंकेच्या रानात पन्नासहून जास्त पोपट होते, त्यातले दोन राहिले. रिओ अबाहोतही झाडं उघडीबोडकी झाली, पण तिथे शंभराच्या आसपास पोपट वाचले. दुसरं ठिकाण नसतं तर बेचाळीस वर्षांची मेहनत जवळपास पिंजऱ्यापुरतीच उरली असती.

मग हे चुनखडीचं रान आता सुखरूप आहे का? इथेच तो 'निरुपयोगी'चा मुद्दा उलटा फिरतो. बैल चढत नाही तिथे बुलडोझर चढतो. सिमेंट आणि रस्त्यांसाठी चुनखडी लागते, घरांसाठी सपाट जागा लागते, आणि मोगोते कापला की दोन्ही एकदमच मिळतात. रिओ अबाहोच्या जंगलातूनही अरेसीबो ते उतुआदो हमरस्ता गेलाय. दुसरीकडे उत्तर किनाऱ्यावर औषधांचे कारखाने आले ते करसवलतीबरोबर जमिनीखालच्या मुबलक पाण्यासाठीही. भोकं पडलेल्या दगडातून पाणी जसं झटकन खाली जातं, तसंच बाकी काहीही जातं. बेसाल्टवरची मातीसुद्धा थोडंफार गाळते, इथे गाळणीच नाही. १९८२ मध्ये बार्सेलोनेतामधल्या अपजॉन कारखान्याच्या जमिनीखालच्या टाकीतून कार्बन टेट्राक्लोराइड गळलं ते थेट भूजलात. विहिरी बंद कराव्या लागल्या.

लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केल्यावर २१ ऑगस्ट १९९९ ला कायदा क्रमांक २९२ झाला, खास चुनखडीच्या भूरूपाच्या रक्षणासाठी. कुठला भाग अजिबात हात न लावता ठेवायचा याचा अभ्यास त्यात सांगितला होता. त्यावर आधारलेला नकाशा आणि नियम यायला २०१४ उजाडलं. पंधरा वर्षं! सरकारी प्रोजेक्टची डेडलाईन सगळीकडे सारखीच असते म्हणायची. तरी नकाशा आला हे बरं झालं, कारण आता निदान भांडायला कागद आहे. राखीव जंगल हे तुकड्यांत आहे, पाणी आणि वटवाघळं तुकड्यांत राहत नाहीत. मला विचाराल तर पोपटांपेक्षाही या नकाशाची मला जास्त काळजी वाटते. पोपटांकडे लक्ष द्यायला माणसं आहेत, एखाद्या बिननावाच्या टेकडीकडे कोण लक्ष देणार?

थाळीचं काय झालं ते माहीतच असेल. ऑगस्ट २०२० मध्ये एक तार खोबणीतून निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि १ डिसेंबर २०२० च्या सकाळी ९०० टनांचा सांगाडा थाळी फोडून खड्ड्यात पडला. २०२२ मध्ये ठरलं की दुर्बीण परत बांधायची नाही. दरम्यान चीनने ग्वीझोऊ प्रांतात ५०० मीटरची थाळी बांधली, २०१६ मध्ये, तीही चुनखडीतल्याच खड्ड्यात.

पोपटांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एल युंके आणि रिओ अबाहो, दोन्हीकडचे रानातले आणि पिंजऱ्यातले आवाज ताडून पाहिले होते. पोपट ओरडायला एकमेकांकडून शिकतात. १९९३ मध्ये रिओ अबाहोला हलवलेल्या पक्ष्यांची बोली तेवढ्या काळात वेगळी झाली आहे, घाटावरची आणि कोकणातली व्हावी तशी, आणि तिथे रानात सोडलेले पोपट हीच नवी बोली बोलतात. एल युंकेच्या रानातली जुनी बोली बोलणारे बहुतेक सगळे मारियात गेले. रिओ अबाहोच्या टेकड्यांमध्ये आज जी ऐकू येते ती त्या चुनखडीच्या रानात तयार झालेली बोली आहे, पस्तीस वर्षंही न झालेली.