बरणीवरची चिठ्ठी

औषध घेणारा मनुष्य विश्वासावर औषध घेतो. बरणीतला अर्क त्याला पारखता येत नाही. वाचता येतात ती केवळ बरणीवरची अक्षरे. ती अक्षरेच खोटी निघाली, तर जाब कोणाला विचारावयाचा? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्यापाशी नव्हते.

इंग्लंडमध्ये १८४२ साली एका टपालगाडीचा गाडीवान गाडी मोडल्यामुळे जायबंदी झाला. गाडी पुरविणाऱ्याने तिची देखभाल करण्याचा करार टपालखात्याशी केला होता, गाडीवानाशी नव्हे. जेथे करार नाही तेथे दावाही नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याला रिक्त हस्ते परत पाठविले. असे दावे मान्य केले तर त्यांना अंतच उरणार नाही, अशी न्यायाधीशांना धास्ती वाटत होती.

दहा वर्षांनी, १८५२ साली, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे थॉमस विरुद्ध विंचेस्टर हा खटला आला. थॉमसबाई आजारी असताना डॉक्टरांनी त्यांना डँडेलियन या निरुपद्रवी वनस्पतीचा अर्क घेण्यास सांगितले होते. पतीने तो कॅझेनोव्हिया या गावच्या औषधविक्रेत्याकडून आणला. बरणीवर डँडेलियनचेच नाव होते; आत मात्र बेलाडोना हे जहाल विष होते. अर्क पोटात जाताच बाईंचे हातपाय गार पडले, झटके येऊ लागले, बुबुळे विस्फारली आणि बुद्धीला भ्रम झाला. काही काळ त्यांच्या जिवाची आशा नव्हती. पण सुदैवाने त्या वाचल्या.

बरणीचा माग काढला गेला. गावच्या विक्रेत्याने ती न्यूयॉर्क शहरातील एका व्यापाऱ्याकडून घेतली होती, आणि त्या व्यापाऱ्याने विंचेस्टर याच्याकडून. चुकीची चिठ्ठी चिकटली होती ती विंचेस्टरच्या दुकानात. तीवर अर्क तयार करणारा म्हणून त्याच्या पगारी साहाय्यकाचे नाव छापलेले होते. वस्तुतः तो अर्क बाजारातून विकत घेतलेला होता. दोन्ही अर्क रंगाने, वासाने व चवीने इतके सारखे की, जाणकारालाही ते काळजीपूर्वक पाहिल्यावाचून वेगळे ओळखता येऊ नयेत. मधल्या दोघांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि माल पुढे धाडला.

ज्यूरीने आठशे डॉलरांची भरपाई दिली. विंचेस्टरच्या वतीने अपिलात तोच जुना मुद्दा मांडण्यात आला : या बाईंशी आमचा करार कोठे होता? मुख्य न्यायाधीश रगल्स यांनी तो अमान्य केला. सदोष गाडीची गोष्ट वेगळी, असे ते म्हणाले. परंतु विषावर निरुपद्रवी औषधाचे नाव घालून ते बाजारात सोडणाऱ्याने माणसाचा जीव प्रत्यक्ष धोक्यात घातलेला असतो. व्यापारी ते पोटात घेत नाहीत, पुढे विकतात. म्हणून धोका आहे तो अखेरच्या रुग्णाला, आणि सावधगिरीचे कर्तव्यही त्याच्याविषयीच आहे. हे कर्तव्य करारातून उत्पन्न होत नाही.

रगल्स यांनी दार विषापुरतेच उघडले होते. १९१६ साली त्याच न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते मोटारगाडीपर्यंत रुंद केले, आणि १९३२ साली ब्रिटनच्या लॉर्डसभेने पेयाच्या बाटलीसंबंधीच्या खटल्यात तेच तत्त्व उत्पादकांना लावले.

भारतात हाच प्रश्न १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे निराळ्या रूपाने आला. रुग्णालयात परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिल्यामुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक कोण, उपचार घेणारे मूल की पैसे भरणारे आईबाप? दोघेही, असे न्यायालयाने ठरविले. मुलाला साडेबारा लाख आणि मातापित्यांना त्यांच्या मनस्तापाबद्दल पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली.

या रकमेने त्या बालकाचे हरपलेले आयुष्य परत आले नाही. भरपाईची मर्यादा तीच आहे. तथापि, ज्याला आपण कधी पाहिलेही नाही अशा रुग्णाचे आपण उत्तरदायी आहोत, ही जाणीव चिठ्ठी लावणाऱ्या आणि सुई टोचणाऱ्या हाताला या निवाड्यांनी दिली. चूक घडण्यापूर्वी तो हात क्षणभर थांबला, तर दाव्याची वेळच येत नाही.