वास्तू व भूदृश्य प्रतिरूपण

वास्तू, उद्यान अथवा एखादा भूभाग प्रत्यक्ष घडविण्यापूर्वी त्याचे प्रमाणबद्ध त्रिमितीय रूप तयार करून अभ्यासण्याची पद्धती. हे रूप माती, लाकूड, मेण किंवा पुठ्ठा यांचे असते, तेव्हा त्यास प्रतिकृती म्हणतात; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते संगणकात बिंदूंच्या सहनिर्देशकांच्या स्वरूपात साठविले जाऊ लागले. प्रतिरूप रचना तपासण्यासाठी करावयाचे की ग्राहकाचे मन वळविण्यासाठी, हा वाद पंधराव्या शतकापासून चालत आलेला असून संगणकीय आज्ञावल्या वापरणाऱ्यासही तो टाळता येत नाही.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरील घुमटासाठी १४१८ मध्ये प्रतिकृतींची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा फीलीप्पो ब्रूनेल्लेस्की याने विटांची प्रतिकृती आधारचौकटीशिवाय बांधून दाखविली. प्रतिकृतीने येथे बांधकामाची पद्धतच सिद्ध केली. पुढील कामांत तो प्रतिकृतींतील तपशील हेतुतः अपुरे ठेवी, कारण प्रतिस्पर्ध्यांनी त्यांची नक्कल करू नये, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदविले आहे. लेओन बात्तीस्ता आल्बेर्ती याने आपल्या वास्तुविद्येवरील ग्रंथात (मुद्रण १४८५) रंगविलेल्या व नटविलेल्या प्रतिकृतींचा निषेध केला. अशा प्रतिकृती पाहणाऱ्याची दृष्टी मूळ रचनेवरून हटवितात, म्हणून त्या साध्या व अनलंकृत असाव्यात, असे त्याचे मत होते. पाचशेहून अधिक वर्षांनंतरही या विषयावर त्याहून उपयुक्त सूचना क्वचितच आढळते.

भव्य प्रतिकृतींचे नशीब नेहमीच चांगले नव्हते. रोमच्या सेंट पीटर चर्चसाठी आंतोन्यो दा सांगाल्लो (धाकटा) याच्या आराखड्यावरून १५३९–४६ या काळात सु. ७ मी. लांबीची लाकडी प्रतिकृती तयार झाली. तथापि त्याच्या मृत्यूनंतर मायकेलअँजेलोने तो आराखडाच बाजूस सारला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी क्रिस्टोफर रेन याने १६७३–७४ मध्ये ओक लाकडाची प्रचंड प्रतिकृती करविली; परंतु धर्माधिकाऱ्यांना ती रुचली नाही आणि यापुढे आपली रेखाटने लोकांपुढे ठेवावयाची नाहीत, असे रेनने ठरविले. ती प्रतिकृती आजही तेथे जतन केलेली आहे.

भूभागाच्या प्रतिरूपणाची परंपरा प्रथम लष्करी गरजेतून वाढली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत १६६८ पासून तटबंदीच्या शहरांच्या उठाव-प्रतिकृती प्रायः १ : ६०० या प्रमाणात तयार होऊ लागल्या. भारतातील ठळक उदाहरण म्हणजे १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या वाराणसीच्या भारतमाता मंदिरातील संगमरवरी उठाव-नकाशा. त्याचे निर्माते शिवप्रसाद गुप्त यांना ही कल्पना पुण्यास महर्षी कर्वे यांच्या आश्रमातील जमिनीवरचा उठाव-नकाशा पाहून सुचली. या नकाशात उंचीचे प्रमाण आडव्या प्रमाणापेक्षा पुष्कळ वाढविलेले आहे. खंडप्राय देश दाखविताना हे अपरिहार्य असते. बागेचा वा वसाहतीचा उतार दाखविताना हीच युक्ती फसवी ठरते आणि संगणकात ती एका आकड्याने साधते, म्हणून तो आकडा चित्राखाली लिहिणे आवश्यक असते.

संगणकीय पर्वाचा आरंभ आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या प्रणालीपासून मानला जातो. प्रकाशलेखणीने पडद्यावर काढलेल्या मूळ आकृतीत बदल केला की तिच्या सर्व नकलांतही तो आपोआप होत असे. आजच्या आज्ञावल्यांत ‘घटक’ या नावाने जी सोय असते, तिचे मूळ येथे आहे. एखाद्या वसाहतीत दोनशे खिडक्या किंवा पाचशे झाडे स्वतंत्रपणे काढणाऱ्यास ती सोय कळलेली नसते, असे खुशाल म्हणावे. भूदृश्याच्या बाजूने हार्व्हर्ड विद्यापीठातील संगणकीय आलेखन प्रयोगशाळा (१९६५) आणि माती, उतार, जलप्रवाह व वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवून जागेची निवड करण्याची, इयन मॅकहार्ग यांनी ‘डिझाइन विथ नेचर’ (१९६९) या ग्रंथात मांडलेली पद्धत महत्त्वाची ठरली. तिचाच विस्तार पुढे भौगोलिक माहिती प्रणालींत झाला. ‘ऑटोकॅड’ १९८२ मध्ये आले, विमाननिर्मितीसाठी विकसित झालेल्या ‘कॅटिया’मुळे फ्रँक गेरी यांच्या बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालयाचे (१९९७) वक्र पृष्ठभाग बांधता आले, तर २००० साली आलेल्या ‘स्केचअप’ने पृष्ठभाग ओढून घनाकृती बनविण्याची सोपी रीत सामान्य वापरणाऱ्याच्या हाती दिली.

सोपेपणामुळे चुकाही सोप्या झाल्या. पहिली चूक भूपृष्ठाची असते. समोच्चरेषांवरील बिंदू त्रिकोणांनी जोडून संगणक भूपृष्ठ रचतो. मूळ माहितीत जे नाही ते त्यात येऊ शकत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांत समोच्चरेषांचे अंतर सामान्यतः २० मी. असते. फेब्रुवारी २००० मधील अमेरिकी अंतराळयानाच्या रडार-मोजणीतून मिळालेल्या उंचीच्या माहितीतील बिंदू सु. ३० मीटरांवर असून दाट झाडीत रडारची उंची जमिनीची नसून बरीचशी पर्णसंभाराची असते. कोकणातील भातखाचरे, बांध किंवा विहिरीचा काठ यांपैकी काहीही त्यात दिसत नाही. म्हणून बांधकामाच्या जागेसाठी प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही. उपग्रहाची माहिती पार्श्वभूमीवरील डोंगरांपुरती ठेवावी.

दुसरी चूक आरंभबिंदूची. महाराष्ट्रातील स्थळांचा सार्वत्रिक मर्केटर जाळीवरील उत्तर-सहनिर्देशक सु. २० लक्ष मीटरांच्या आसपास असतो. एवढ्या मोठ्या संख्यांवर काम करताना अनेक आज्ञावल्यांची अचूकता घटते व कडा थरथरताना दिसतात. जागेचा एक कोपरा शून्य धरून वजा केलेली संख्या टिपून ठेवावी.

तिसरी चूक सावल्यांची असून तिचे परिणाम घरात राहणाऱ्यास सोसावे लागतात. आज्ञावलीत आधीच नोंदलेले स्थळ न बदलल्यास सूर्य परक्या अक्षांशावर तळपत राहतो. ४०° उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्याची उंची सु. २६.५° असते, मुंबईस ती सु. ४७.५° भरते. शिवाय मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. परक्या अक्षांशावर बेतलेले छज्जे आणि ‘सदैव सावलीची’ म्हणून योजलेली उत्तरेची अंगणे येथे निरुपयोगी ठरतात. झाडांबाबतही असेच घडते: तयार संग्रहातील पूर्ण वाढलेला वृक्ष चित्रात पहिल्याच दिवशी उभा राहतो, जागेवर मात्र तेथे रोप असते. हंफ्री रेप्टन हा इंग्रज उद्यानकार १७८८ पासून आपल्या लाल बांधणीच्या पुस्तकांत उचलण्याजोगी कागदी पट्टी लावून जागेचे आधीचे व नंतरचे रूप दाखवी. त्याच धर्तीवर लागवडीचे वर्ष, पाच वर्षे व वीस वर्षे यांच्या स्वतंत्र स्तरांत झाडे मांडल्यास ग्राहकाला काय मिळणार व केव्हा, हे स्पष्ट होते. प्रारंभीच्या चर्चेत रंग व पोत न देता केवळ करड्या घनाकृती दाखविण्याचा प्रघातही काही वास्तुशिल्पज्ञ पाळतात.